सांध्याची साक्ष : महाराष्ट्रातील वेल्डिंग-शिक्षणाचा इतिहास

लोखंडाचे दोन तुकडे वितळवून एकजीव करण्याच्या कामात मूळची अडचण अशी, की ते काम चांगले झाले की वाईट हे वरून पाहून पुरते कळत नाही. सुताराचा सांधा डोळ्यांना दिसतो, गवंड्याची भिंत ओळंबा लावून तपासता येते. पण वेल्डिंगच्या सांध्यात आत राहिलेली पोकळी, अडकलेली मळी किंवा बारीक चीर वरच्या गुळगुळीत थराखाली झाकली जाते, आणि बॉयलर, पूल किंवा जहाज वापरात येऊन त्यावर भार पडला म्हणजेच ती उघडी पडते. म्हणून या धंद्यात वस्तूवर विश्वास टाकण्याआधी ती घडवणाऱ्या माणसावर विश्वास टाकावा लागतो, आणि तो कशाच्या आधारावर टाकायचा या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी जी उत्तरे दिली, त्यांचाच इतिहास म्हणजे वेल्डिंगच्या शिक्षणाचा इतिहास होय. महाराष्ट्रात ही उत्तरे गावच्या लोहारसाळेपासून रेल्वेच्या कारखान्यांपर्यंत, तेथून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपर्यंत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयपर्यंत, आणि पुढे बॉयलर निरीक्षकाच्या व परदेशी कंपन्यांच्या चाचण्यांपर्यंत बदलत गेलेली दिसतात.

धातू सांधण्याची विद्या येथे नवी नव्हती. बलुतेदारीतला लोहार बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव तयार करताना पट्टीची दोन टोके भट्टीत पांढरीफटक होईपर्यंत तापवी, त्यावरचा गंज व मळ वितळून निघून जावा म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकी, आणि लाली उतरण्याच्या आत ऐरणीवर घण घालून ती एकमेकांत मिसळून टाकी. यात धातूचा रस होत नाही, तो केवळ मऊ होऊन दाबाखाली जुळतो, म्हणून या पद्धतीस घडाई-सांधणी म्हणता येईल. तांबट आणि कासार यांची रीत वेगळी होती; ते भांड्याच्या धातूपेक्षा लवकर वितळणारी मिश्रधातू फटीत उतरवून झाळ देत, आणि त्यात मूळ भांडे वितळत नसे. दोन्ही प्रकारांत ज्ञान घराण्यातच राही, मुलगा भाता ओढता ओढता बापाच्या हाताकडे पाहून ते उचली, आणि तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून उष्णता ओळखण्याची नजर त्याच्यात वर्षानुवर्षांच्या सरावाने येई. सांध्याची हमी गावाच्या ओळखीतून मिळे, कारण धाव तुटली तर शेतकरी त्याच दारी परत येई. या व्यवस्थेची मर्यादाही तिच्यातच होती : लोहाराच्या घरी न जन्मलेल्याला ती विद्या मिळण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता, आणि लोहाराच्या मुलाला दुसरा मार्ग क्वचितच मिळे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि त्यानंतरच्या काही दशकांत परळ व लोअर परळ येथे रेल्वेचे मोठे कारखाने उभे राहिले. तेथे लोखंडी पत्रे जोडण्याची मुख्य पद्धत रिव्हेटची होती. रिव्हेट म्हणजे एका टोकाला डोके असलेला लोखंडी खिळा. तो लाल तापवून दोन पत्र्यांच्या समोरासमोरच्या भोकांतून घालायचा, एकाने मागून आधार द्यायचा आणि दुसऱ्याने पुढचे टोक ठोकून त्याचेही डोके बनवायचे. हे काम टोळीने करावयाचे असे, आणि एकेका रिव्हेटवर हातोडी मारून आवाजावरून तो घट्ट आहे की सैल हे निरीक्षकाला कळत असे. म्हणजे रिव्हेटचा सांधा तपासण्याजोगा होता, आणि त्यामुळे टोळीतल्या प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र परीक्षेची गरज भासत नव्हती. कारखान्यात उमेदवारी करणारा मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली राही, मिस्त्रीचा शब्द हेच त्याचे प्रमाणपत्र असे, आणि वरच्या तांत्रिक जागा प्रामुख्याने युरोपीय व अँग्लो-इंडियन उमेदवारांसाठी असल्याने मराठी कामगाराचा हात कितीही तयार असला तरी त्याची चढण एका पायरीवर थांबे.

याच काळात युरोपात धातू वितळवून सांधण्याच्या दोन नव्या पद्धती आकाराला येत होत्या. १८८० च्या दशकात निकोलाय बेनार्दोस व स्तानिस्लाव ओल्शेव्स्की यांनी कोळशाच्या कांडीतून विजेची ज्योत काढून धातू वितळवला. त्यानंतर निकोलाय स्लाव्यानोव यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी वापरली, जेणेकरून ज्योत देणारी कांडी स्वतः वितळून सांध्यात भरली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी या कांडीवर खनिजांचा लेप चढवला. हा लेप जळताना निघणारा वायू आणि वर तरंगणारी मळी वितळलेल्या धातूला हवेपासून जपतात. नाहीतर हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन त्यात शिरून सांधा ठिसूळ होतो. दुसरी पद्धत वायूची : फ्रान्समध्ये १९०३ च्या सुमारास एदमों फूशे व शार्ल पिकार यांनी ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या मिश्रणाची ज्योत देणारे नळके वापरात आणले, आणि जिच्याने सांधता येते तिच्यानेच थोडा फेरफार करून जाड पोलादही कापता येऊ लागले. या दोन पद्धतींनी टोळीचे काम एका माणसाच्या हातात आणून ठेवले, आणि तेथूनच त्या एका माणसाच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला.

मुंबई इलाख्यात तांत्रिक शिक्षणाची पायाभरणी त्याआधीच झाली होती. १८८७ मध्ये भायखळ्यास सुरू झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, ही त्यातली अग्रणी संस्था होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवण्यापूर्वी याच संस्थेत अध्यापन केले होते. परंतु अशा संस्थांचा भर गिरण्यांसाठी लागणारे पर्यवेक्षक व यंत्रज्ञ घडवण्यावर होता. भट्टीपाशी, ऐरणीपाशी किंवा पत्र्यापाशी उभ्या राहणाऱ्या कारागिराचे शिक्षण कारखान्यांवरच सोडलेले होते, आणि १९१६ ते १९१८ या काळात काम केलेल्या सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाला कुशल भारतीय कामगारांची उणीव ही उद्योगवाढीतील मोठी अडचण म्हणून नोंदवावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाने ही उणीव असह्य केली. रणगाडे, जहाजे आणि विमाने यांच्या दुरुस्तीसाठी हजारो हात एकाच वेळी हवे होते, आणि घराण्यातून किंवा मिस्त्रीच्या हाताखालून ते मिळण्यास जी वर्षे लागली असती ती युद्धाजवळ नव्हती. म्हणून सरकारने १९४० मध्ये युद्धोपयोगी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना हाती घेतली, तर ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या तेथील कारखान्यांत शिकण्यासाठी पाठवल्या गेल्या. घाईच्या शिक्षणाचा धोका काय असतो, हेही याच युद्धाने जगाला दाखवले. अमेरिकेत रिव्हेटऐवजी वेल्डिंगने बांधलेल्या जहाजांपैकी काही जहाजांना चिरा गेल्या, आणि जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंड येथे धक्क्याला उभे असलेले शेनेक्टडी हे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध दुभंगले. पोलादाचा थंडीतला ठिसूळपणा व आराखड्यातील दोष यांच्याबरोबर सांध्यातील उणिवाही चौकशीत पुढे आल्या. रिव्हेटच्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेशी येऊन थांबते, पण वेल्डिंगने सारे जहाज एकसंध झाल्यामुळे तिला थांबण्यास जागाच उरत नाही. हा धडा या विद्येच्या पुढील सर्व शिक्षणाच्या मुळाशी राहिला.

युद्ध संपताना, जुलै १९४५ मध्ये, सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर निर्वासितांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. युद्धासाठी उभी केलेली कार्यशाळा आणि यंत्रे अशा रीतीने शांततेच्या कामाला लागली, आणि १९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू करून ती सर्व नागरिकांना खुली केली. या योजनेतूनच आयटीआय उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवण्यात आला, तर अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र देशभर एकसारखे राहावे म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद नेमण्यात आली. शिकवणाऱ्यांना शिकवण्याची सोयही करावी लागली; त्यासाठी १९४८ मध्ये बिलासपूरजवळ कोनी येथे निदेशकांची केंद्रीय संस्था निघाली होती, आणि पुढे मुंबईत चुनाभट्टी येथेही तशी संस्था झाली. निदेशक हा आयटीआयमधील शिक्षकासाठी रूढ असलेला शब्द आहे, आणि तो पदवीधर प्राध्यापकासाठी नसून स्वतः हातात हत्यार घेऊन काम करून दाखवणाऱ्या कारागीर-शिक्षकासाठी आहे.

शासकीय यादीत जोडारी, कातारी, वीजतंत्री यांच्या शेजारी संधाता या नावाने वेल्डरचा व्यवसाय नोंदला गेला. त्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा ठेवला गेला आणि प्रवेशाची अट दहावीऐवजी आठवी उत्तीर्ण अशी राहिली. या दोन गोष्टींचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. ज्या मुलाच्या घरी दोन वर्षे कमाईविना थांबण्याची ऐपत नाही, किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली आहे, त्याला कुशल कामगार होण्याची ही सर्वांत जवळची वाट ठरली. आणि प्रवेश जातीच्या धंद्यावर नव्हे तर गुणांवर व आरक्षणाच्या नियमांवर मिळत असल्याने भट्टीपाशी कोण उभे राहील हे जन्माने ठरण्याची जुनी रीत या दारापाशी मोडली.

कार्यशाळेतले हे वर्ष कसे सरते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आरंभी प्रशिक्षणार्थी करवत व कानस चालवून पोलादी पट्टीची कड काटकोनात आणतो, कारण कडा नीट नसतील तर पुढे सांधा जुळत नाही. मग तो हाताच्या ढालीच्या काळ्या काचेआड डोळे ठेवून, काडेपेटीवर काडी ओढावी तशी लेप दिलेली कांडी पट्टीवर ओढून ज्योत पेटवण्यास शिकतो. पहिल्या दिवसांत कांडी पट्टीला चिकटते, किंवा हात वर गेला की ज्योत विझते. कांडीचे टोक आणि पट्टी यांच्यातले अंतर साधारण कांडीच्या जाडीएवढे, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर ठेवायचे, आणि कांडी जळून आखूड होत असताना हात त्याच बेताने खाली आणत राहायचे, एवढे साधण्यास अनेक आठवडे जातात. सरळ रेघेत धातूचा थर घालता येऊ लागला की कोनातला सांधा, मग दोन कडा तासून इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत भरायचा सपाट सांधा, आणि त्यानंतर तेच काम आडवे, उभे आणि शेवटी डोक्यावर धरून करायचे, असा क्रम असतो. डोक्यावरच्या कामात वितळलेला धातू खाली गळू पाहतो, आणि तो गळण्यापूर्वी थिजावा इतकाच वेळ ज्योत एका जागी ठेवण्याचा अंदाज पुस्तकातून येत नाही. गॅसच्या कामात ऑक्सिजन जास्त झाला तर धातू जळतो, ॲसिटिलीन जास्त झाले तर त्यात कार्बन मिसळतो, म्हणून दोहोंच्या समतोलाची ज्योत केवळ तिच्या आतल्या सुळक्याच्या आकारावरून ओळखायची असते. लोहाराची रंग ओळखणारी नजर येथे नव्या रूपात परत लागते. ढाल बाजूला असताना चुकून ज्योत पाहिली गेली तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर सुरू होते, आणि कामगाराला ती रात्र जागून काढावी लागते.

या सरावाची किंमत कांड्यांत आणि पट्ट्यांत मोजावी लागते. कातारीच्या यंत्रावर एक तुकडा पुन्हा पुन्हा कातता येतो, पण वेल्डिंगमध्ये जळलेली कांडी संपते आणि सांधलेली पट्टी भंगारात जाते, म्हणून हा व्यवसाय शिकवणे इतर अनेक व्यवसायांपेक्षा खर्चिक आहे. लेपाच्या कांड्या जोवर परदेशातून येत होत्या, तोवर त्या शिकाऊ हातात मुबलक देणे कोणालाही परवडणारे नव्हते. १९३५ मध्ये कोलकात्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी आणि १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन या कंपन्या स्थापन झाल्यानंतर वायू व कांड्या देशात तयार होऊ लागल्या, आणि कार्यशाळेतल्या सरावाला खरा आधार मिळाला. कोकण व मुंबईच्या पावसाळी हवेत या कांड्यांचा लेप ओल धरतो, ओलीतून निघालेला हायड्रोजन सांध्यात शिरून नंतर चीर पाडतो, आणि म्हणून महत्त्वाच्या कामाच्या कांड्या भट्टीत तापवून कोरड्या करून गरम पेटीतच ठेवाव्या लागतात. ही शिस्त येथील कारागिराच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग झाली.

प्रमाणपत्राबरोबर मापदंडही ठरत गेले. १९२३ च्या भारतीय बॉयलर अधिनियमाखाली १९५० मध्ये जे विनियम झाले, त्यांत बॉयलर व वाफेच्या नळ्या सांधणाऱ्या वेल्डरच्या पात्रता-परीक्षेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. भारतीय मानक संस्थेने १९६१ मध्ये गॅस वेल्डरच्या आणि १९६६ मध्ये विजेच्या वेल्डरच्या प्रशिक्षण व चाचणीची संहिता प्रसिद्ध केली. या परीक्षांमध्ये प्रश्नपत्रिकेपेक्षा निरीक्षकासमोर केलेला सांधा निर्णायक असतो. त्या सांध्याच्या पट्ट्या कापून घेतात, वाकवण्याच्या यंत्रात घालून त्या वळवतात, आणि वळलेल्या पृष्ठभागावर चीर उघडली तर उमेदवार नापास होतो. अधिक जोखमीच्या कामात क्ष-किरणांनी आतले दोष पाहिले जातात. मिळालेली पात्रताही कायमची नसते, ठरावीक मुदतीने हात पुन्हा सिद्ध करावा लागतो. गावच्या ओळखीने जी हमी एके काळी दिली, ती आता मोडून पाहिलेल्या तुकड्याने दिली जाऊ लागली.

या हातांना काम देणारे उद्योग याच काळात राज्यात वाढले. १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या माझगाव डॉकने बांधलेली निलगिरी ही युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यातील वास्को येथील जहाजबांधणीचा कारखानाही काही काळ माझगाव डॉककडेच होता, आणि मांडवी व झुआरी नद्यांतून खनिज वाहणाऱ्या बार्जच्या बांधणीने तेथेही वेल्डरला मोठे काम दिले. तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने, तारापूरचे अणुवीज केंद्र, पिंपरी-चिंचवडचा वाहनउद्योग आणि १९६२ नंतरच्या एमआयडीसीच्या वसाहती यांनी मागणी वाढवली. ग्रामीण भागात हे काम साखर कारखान्यांनी पोहोचवले. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला गळीत हंगाम झाल्यानंतर सहकारी कारखाने पसरत गेले, आणि हंगाम चालू असताना उसाला पकड मिळावी म्हणून चरकाच्या फिरत्या लाटेच्या दातांवर कठीण धातूचे थेंब चढवणारा वेल्डर प्रत्येक कारखान्याची गरज बनला. हंगाम संपल्यावर असे कारागीर तालुक्याच्या रस्त्यावर ट्रॉल्या, नांगर आणि दारे-खिडक्यांची दुकाने चालवू लागले, आणि बैलगाडीच्या धावेबरोबर मागे पडलेल्या लोहारसाळेची जागा त्या दुकानांनी घेतली.

१९७३ नंतर खनिज तेलाच्या किमती वाढून आखाती देशांत बांधकामाची लाट आली, तेव्हा मुंबई ही परदेशी जाणाऱ्या वेल्डरची परीक्षाभूमी झाली. रत्नागिरी, रायगडपासून उत्तर भारतापर्यंतचे कारागीर येथील चाचणी केंद्रांत येत, आणि तेथे ४५ अंशांत तिरका व पक्का बसवलेला नळ, जो फिरवता येत नाही आणि ज्याच्याभोवती वेल्डरलाच सर्व बाजूंनी हात वळवावा लागतो, त्याचा सांधा करून दाखवावा लागे. सहा-जी या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पार करणाऱ्याचा पगार साध्या वेल्डरच्या कितीतरी पट असे. आयटीआयचे प्रमाणपत्र असूनही या नळापाशी अनेकांचे हात अडखळले, आणि संस्थेत मिळणारा सराव व बाजाराला हवा असलेला हात यांच्यातील अंतर तेथे स्पष्टपणे मोजले गेले. हे अंतर भरून काढण्याचा एक उपाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने आधीच सुचवला होता : संस्थेतील वर्षानंतर कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी. जेथे कारखान्याने उमेदवाराला खरेच सांध्यापाशी उभे केले तेथे तो उपाय फळला. जेथे त्याला सामान वाहण्यास जुंपले तेथे तो कागदावर राहिला.

१९८० च्या दशकापासून तालुका तेथे आयटीआय हे धोरण राज्याने राबवले, आणि आज महाराष्ट्रात ४०० हून अधिक शासकीय संस्था आहेत. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील मुलामुलींना जिल्हा न सोडता हा व्यवसाय शिकता येतो, ही स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राची मोठी आणि पुरेशी न गौरवलेली कमाई आहे. वायूच्या आवरणाखाली तारेने सांधण्याच्या नव्या पद्धती, यंत्रमानव आणि पडद्यावर ज्योतीचा सराव देणारी साधने अभ्यासक्रमात आली आहेत, आणि २०१५ मध्ये या संस्था केंद्राच्या पातळीवर कामगार मंत्रालयाकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेल्या. तथापि इतिहासाचा निष्कर्ष या बदलांनी पुसला जात नाही. प्रशिक्षणार्थ्याला भरपूर कांड्या जाळू देणारी कार्यशाळा, स्वतः सांधा करून दाखवणारा निदेशक आणि संस्थेबाहेरच्या निरीक्षकाने तुकडा मोडून घेतलेली परीक्षा, या तीन गोष्टी जेव्हा एकत्र आल्या तेव्हाच या शिक्षणातून विश्वासार्ह कारागीर निघाले. त्यांतील एक जरी गळाली तरी प्रमाणपत्रांची संख्या वाढूनही सांध्यांची गुणवत्ता वाढली नाही. तालुक्याच्या संस्थेत कांड्यांच्या खरेदीसाठी ठेवलेली तरतूद ही म्हणूनच किरकोळ खर्चाची बाब मानता येत नाही. ज्या बॉयलरशेजारी, ज्या पुलाखाली आणि ज्या जहाजात माणसे निर्धास्तपणे वावरतात, त्यांच्या सुरक्षिततेचा पहिला हप्ता राज्य तेथेच भरत असते, आणि आठवी उत्तीर्ण मुलाच्या हाताला पूर्ण सराव मिळवून देणे ही त्याच्याइतकीच समाजाचीही गरज आहे.